टाकळघाटची दगडी वर्तुळे

4 सप्टेंबर 1863. नागपूरच्या दक्षिणेला, टाकळघाट नावाच्या गावाबाहेर दोन गोरे साहेब रानातले दगड पाहत हिंडत होते. एक रिचर्ड टेंपल, दोनच वर्षांपूर्वी अस्तित्वात आलेल्या मध्य प्रांताचा चीफ कमिशनर. दुसरा स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाद्री. पावसाळा सरलेला नव्हता. काळ्या जमिनीतल्या ओढ्यांचा भरवसा धरता येत नाही. सकाळी घोट्याएवढे पाणी असते आणि वर कुठे सर कोसळली की संध्याकाळी घोडाही उभा राहत नाही. परतीच्या वाटेवर हिस्लॉप एकटा होता. बोरीच्या बाजूला ओढ्याला पूर आला होता, त्यात तो बुडाला. आणखी चार दिवसांनी त्याला 46 वर्षे पूर्ण झाली असती.

जे दगड पाहायला ते गेले होते ती फार जुनी थडगी असावीत एवढे दोघांनाही कळत होते. कोणाची आणि किती जुनी, हे त्या काळी कोणीच सांगू शकत नव्हते. मोठमोठे, न घडवलेले धोंडे गोलात मांडलेले. आतल्या जागेत दगडगोटे आणि मातीचा भराव, मधे किंचित फुगीर. एखाद्या ठिकाणी एकात एक अशी दोन वर्तुळे. एकेका माळावर अशी कितीतरी, आणि एकावरही अक्षर नाही, मूर्ती नाही, शेंदूरही नाही. गावकरी म्हणत, ही गवळ्यांची. पूर्वी इथे गवळी राजे होते, त्यांच्या तळाचे हे दगड. विदर्भात ज्या जुन्या गोष्टीचा धनी सापडत नाही ती गवळ्यांच्या नावावर चढते, जशी आमच्या कोकणात ती पांडवांच्या नावावर चढते. मात्र यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे दगड आपोआप पडलेले नाहीत, कोणीतरी मांडलेले आहेत, हे गावकऱ्यांना साहेबांच्या कितीतरी आधी माहीत होते.

हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आला. भोसल्यांचे राज्य तेव्हा चालू होते, ते 1854 मध्ये खालसा झाले. धर्मप्रसार हे त्याचे काम. पण त्याचा वेळ दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या गोष्टी गोळा करण्यात जास्त जात असावा, असे त्याच्या नावावर जे उरले त्यावरून वाटते. नागपूरच्या परिसरातले जीवाश्म त्याने जगापुढे आणले. एका खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव त्याच्यावरून पडले, गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याला हिस्लोपिया. गोंडांची लिंगोची कथा त्याने परधान गायकांकडून लिहून घेतली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तो शिळावर्तुळे पाहून येताना वारला हे नागपुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याच्या मागे टिपणांचे बाड राहिले. टेंपलने ते मागवून घेतले, स्वतः संपादन केले, आणि 1866 मध्ये नागपुरात ते पुस्तकरूपाने छापून निघाले. विषय मुख्यतः मध्य प्रांतातल्या आदिवासींचा. पण त्यानिमित्ताने टाकळघाटची वर्तुळेही छापील कागदावर आली, आणि पुढे शंभर वर्षांनी त्याचा उपयोग झाला.

त्या कागदांत ही वर्तुळे कोणाची ठरली? सिथियन लोकांची. म्हणजे मध्य आशियातल्या घोडेस्वारांची. आज हसू येते, पण त्या वेळी ही कल्पना सगळ्याच साहेबांच्या डोक्यात होती. लहानपणी आपापल्या गावाजवळ त्यांनी असेच दगड पाहिलेले. इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स आणि हिंदुस्थान, सगळीकडे गोलात दगड; तेव्हा मांडणारेही एकच असले पाहिजेत, हा त्यांचा तर्क. कर्नल मेडोज टेलरने शोरापूर संस्थानात अशीच थडगी उकरली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लिहिले. पुढच्या एका लेखाच्या शीर्षकातच त्याने केल्ट, ड्रुइड आणि सिथियन असे तिघांनाही बसवले. कोणीतरी एक बरोबर निघेलच. हा टेलर आपल्याकडेही ओळखीचा आहे. ठगांवरची कादंबरी लिहिणारा तोच, आणि पुढे नळदुर्ग भागाचा कारभार पाहणाराही तोच. त्याचा सिद्धांत गेला, पण त्याने केलेली एक गोष्ट राहिली. थडगे उकरताना त्याने उभ्या छेदाचे चित्र काढले: वर काय, त्याखाली काय, हाडे कोणत्या थरात, भांडी कुठे. पुढे पुरातत्त्वज्ञ सर मॉर्टिमर व्हीलरने या चित्रांचे मनापासून कौतुक केले. त्या काळात युरोपातही असे चित्र काढणारे विरळाच होते.

नागपूरच्या वर्तुळांना असा टेलर मिळाला नाही. तिथे आला जॉन हेन्री रिव्हेट-कारनॅक, आणि तो आला कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीला एकदम भाव आला. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. रिव्हेट-कारनॅक हा मध्य प्रांत व वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. तंबू, घोडा आणि शिपाई घेऊन गावोगाव फिरणे, पीक पाहणे, बाजार पाहणे हे त्याचे काम. फिरता फिरता त्याला वर्तुळे दिसत गेली. नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्याच्या बाजूला जुनापाणी येथे त्याने काही उकरली. त्यावरचा त्याचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 1879 मध्ये आला.

खोदण्याची पद्धत त्या काळचीच. मजूर लावायचे, मध्यभागी सरळ खाली जायचे, आणि जे हाताला लागेल ते वर काढायचे. लोखंडाच्या वस्तू भराभर निघाल्या: खंजीर, चपट्या कुऱ्हाडी, कडी, छिन्न्या आणि घोड्याच्या तोंडातले लगामाचे लोखंड. भांड्यांचे तुकडे तेवढे मोलाचे वाटले नाहीत, हाडे त्याहून कमी. थर कोणी मोजले नाहीत. वस्तूंमधल्या पुष्कळशा लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. स्पष्टच सांगायचे तर जी वर्तुळे त्या पिढीने उकरली ती आपल्यासाठी अर्धीअधिक संपली. वस्तू राहिल्या, पण कोणती वस्तू कशाच्या शेजारी होती ही माहिती गेली, आणि पुरातत्त्वात तीच खरी मिळकत असते.

तरीही रिव्हेट-कारनॅकचे एक ऋण मान्य करावे लागते. वर्तुळातल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत, रांगेने. ते त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. स्कॉटलंडमधल्या दगडांवर असेच खळगे असल्याचे सर जेम्स सिम्पसनच्या पुस्तकात त्याने वाचले होते. हा सिम्पसन म्हणजे बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारा एडिंबरोचा प्रसिद्ध डॉक्टर. फावल्या वेळात तो खळगे मोजायचा. रिव्हेट-कारनॅकने कुमाऊँमध्येही असे खळगे शोधले, त्यांवर वेगळा लेख लिहिला, आणि ही कदाचित एक प्रकारची लिपी असेल अशी शंकाही बोलून दाखवली. लिपी काही निघाली नाही. पण धोंडा पालथा पडला, फुटला, कोणी बांधकामाला नेला, तरी त्यावर खळगे होते ही नोंद 1879 पासून पक्की आहे. अलीकडे काही खगोल-अभ्यासकांनी जुनापाणीचे खळगे कोणत्या दिशांना आहेत हे पुन्हा मोजायला घेतले, ते या नोंदीचाच माग काढत.

आमच्या महाडच्या बाजूच्या माणसाला ही सगळी हकिकत थोडी परकी वाटते. वीर स्टेशनवर उतरून महाडकडे निघाले की हमरस्त्यालगतच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. दगड तोच, विदर्भापर्यंत पसरलेला काळा बेसाल्ट. पण इथे तो आतून कोरला आहे, आणि कोरवून घेणाऱ्याने नाव लिहून ठेवले आहे: कुमार कानभोअ विण्हुपालित. ब्राह्मीतला हा लेख जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 मध्ये वाचून छापला, सावित्रीपलीकडच्या कोलच्या लेण्यांतल्या लेखांबरोबर. दोन वर्षांनी, 1883 मध्ये, कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले, त्यात महाड, पाले, कोल सगळे आले. आणि गंमत अशी की टाकळघाटच्या त्या दिवसाचा साक्षीदार रिचर्ड टेंपल 1877 ते 1880 मुंबईचा गव्हर्नर होता, म्हणजे आमचा कुलाबाही त्याच्याच कारभारात होता. डोंगरात कोरलेल्या लेण्यांना हरवायची भीती कमी. अक्षर आहे, उंची आहे, पाण्याची टाकी आहेत म्हणून गुराख्यांची ये-जा आहे. माळावरच्या मुक्या धोंड्यांना यातले काहीच नाही. त्यांना राखायला फक्त एक कागद असतो, आणि तो कपाटात पडलेला असतो.

नागपूरची वर्तुळे अशी कपाटात गेली. हेन्री कझेन्सने 1897 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांच्या याद्या छापल्या. 1908 चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियरही त्यांच्यावरून गेले. अशा पुस्तकांत एक ओळ दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरते, आणि उतरवणारा त्या गावी गेलेला असतोच असे नाही. तिकडे शेत वाढत होते. नांगराला आडवा येणारा धोंडा शेतकरी उचलून धुऱ्यावर टाकतो. यात त्याचे काही चुकत नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मुरूम रस्त्याला जातो. पाचपंचवीस वर्षांत माळ सपाट होतो आणि मग गॅझेटियरमधली ओळ खरी होती की नाही, हेच कळेनासे होते.

या दगडांकडे नव्याने पाहायला भाग पाडले ते व्हीलरने. 1947 मध्ये त्याने कर्नाटकात ब्रह्मगिरी खोदले. तिथे वस्तीचे थर आणि थडगी शेजारी शेजारी होती. एकावर एक थर वाचून त्याने थडग्यांचा काळ बसवला: इसवी सनापूर्वी दोनेकशे वर्षांपासून पुढे. सिथियन, ड्रुइड सगळे एका हंगामात बाजूला झाले. ही इथल्याच लोकांची, लोखंड वापरणाऱ्या समाजाची थडगी होती. व्हीलरच्या तालमीतले बी. के. थापर यांनी केरळात पोर्कळम आणि कर्नाटकात मस्की खोदल्यावर 1961-62 च्या हंगामात पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे जुनापाणी हातात घेतले. रिव्हेट-कारनॅकच्या लेखानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी त्याच माळावर फावडे पडले. या वेळी तीनच वर्तुळे, पण थरांसकट. एकात घोड्याचा सांगाडा मिळाला. जुन्या लेखातले लगामाचे लोखंड कोणाच्या तोंडातले, याचे उत्तर मिळाले.

यानंतरचे मुख्य काम मात्र नागपूरच्याच एका माणसाने केले. डॉ. शां. भा. देव तेव्हा नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात होते. मूळचा अभ्यास जैन मुनिसंघाच्या इतिहासाचा, नंतर पुरातत्त्वात मुरलेले. त्यांनी जुने लेख वाचले, आणि त्यांतले जे प्रश्न साहेबांना पडलेच नव्हते ते घेऊन ते टाकळघाटला गेले. सगळ्यात साधा प्रश्न हा: एवढी माणसे पुरली, तर ती राहत कुठे होती? हिस्लॉपपासून सगळ्यांनी वर्तुळे पाहिली. गाव कोणी शोधले नव्हते. थडग्यांच्या आसपास तंबू ठोकणाऱ्या साहेबांना हे लोक भटके, घोड्यावरून आलेले आणि गेलेले असेच वाटत होते, म्हणून गाव शोधायचे कारणही नव्हते. चुकीचा सिद्धांत माणसाला चुकीचे उत्तर देतो हे खरेच, पण जास्त नुकसान होते ते तो प्रश्नच पडू देत नाही त्यामुळे.

1968-69 मध्ये देव यांनी टाकळघाट आणि शेजारचे खापा या दोन्ही ठिकाणी उत्खनन केले. खाप्याला वर्तुळे, टाकळघाटला पांढरीचे टेकाड. त्या टेकाडात घरांच्या जमिनी, खांबांचे खड्डे, चुली आणि जनावरांची हाडे मिळाली. भांडी तीच, जी खाप्याच्या थडग्यांत मिळत होती: आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. म्हणजे मेलेल्यांचे गाव आणि जिवंतांचे गाव एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होते. टेकाडातल्या कोळशाची कार्बन-14 तपासणी झाली आणि आकडे इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाकडे गेले. व्हीलरच्या अंदाजापेक्षा तीन-चारशे वर्षे मागे. बुद्ध मगधात फिरत होता त्याच सुमारास, किंवा त्याच्याही थोडे आधी, बोरीच्या ओढ्याकाठी लोक घोड्यांना तांब्याच्या दागिन्यांनी मढवत होते. अहवाल 1970 मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

टाकळघाटनंतर देव आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. 1970 ते 72 या काळात माहुरझरी झाले. हे नागपूरच्या जवळचे, आणि कार्नेलियनचे मणी घडवण्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या थडग्यांत घोड्याच्या तोंडावर बसवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले, सोनेही मिळाले. 1978 ते 80 मध्ये पेंच नदीकाठी नायकुंड. तिथे अ. प्र. जामखेडकर त्यांच्याबरोबर होते. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, मातीच्या विटांनी बांधलेली. तिचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या वि. द. गोगटे यांनी केला. भट्टी सापडल्यावर बाकी चर्चा मिटलीच. हे लोखंड कोणी घोड्यावरून बाहेरून आणलेले नव्हते. खनिज इथले, भट्टी इथली, लोहार इथला. पुढे भागीमोहारी झाले, तिथेही वस्ती आणि थडगी दोन्ही.

थडग्यांच्या रचनेबद्दल जे कळले ते साहेबांच्या अंदाजाहून जास्त गुंतागुंतीचे निघाले. धोंड्यांच्या गोलात पुष्कळदा खोल खड्डा नाहीच. बाहेरून आणलेली काळी चिकणमाती आत पसरलेली, तिच्यात हाडे आणि वस्तू ठेवलेल्या, वरून दगडगोट्यांचा भराव. हाडे क्वचितच अखंड माणसाची. बहुतेक वेळा काही निवडक हाडे, म्हणजे मृतदेह आधी कुठेतरी ठेवून, नंतर अस्थी आणून वर्तुळ रचले. एवढे दगड वाहून आणायचे, नदीकाठची माती आणायची, घोडा मारायचा, लोखंड आणि तांबे मातीत घालायचे. हे काही साध्या शेतकऱ्याच्या मयताचे काम नाही. घोडा ज्याच्याबरोबर पुरला तो गावात मोठा होता. बाकीचे लोक कुठे गेले, ते जाळले की ओढ्याकाठी पुरले, हे वर्तुळे सांगत नाहीत.

आता जुन्या कागदांकडे पुन्हा वळू. हिस्लॉप, टेंपल, रिव्हेट-कारनॅक यांनी जे मत दिले ते सगळे टाकाऊ ठरले. त्यांनी जे उकरले ते बहुतांशी बिघडले. पण टाकळघाट, जुनापाणी ही गावांची नावे, कोणत्या रस्त्याला, कोणत्या ओढ्याकाठी, साधारण किती वर्तुळे, एवढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले म्हणून थापर आणि देव यांना सुरुवात कुठून करायची हे कळले. नुसत्या माळावरून फिरून ही जागा सापडलीच नसती असे नाही. गावकरी होतेच. पण गावकऱ्याच्या सांगण्याला सरकारी दप्तरात किंमत येते ती जुन्या छापील ओळीचा आधार मिळाल्यावर, ही आपल्याकडची खरी परिस्थिती आहे.

परिस्थिती आजही फार बदललेली नाही. जुनापाणीला आजही सुमारे 300 वर्तुळे असल्याचे सांगतात, आणि ती केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहेत. कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगीचे बंधन. पण यादीत नसलेल्या वर्तुळांना हा कायदा लागू होत नाही, आणि विदर्भातली बहुतेक वर्तुळे यादीत नाहीत. जिथे हिस्लॉप बुडाला त्या बोरीचे आज बुटीबोरी झाले आहे, मोठी औद्योगिक वसाहत. टाकळघाट तिच्या शेजारी. नागपूर शहर काटोल रस्त्याने जुनापाणीच्या दिशेने सरकते आहे. गोल दगडांना प्लॉटच्या नकाशात जागा नसते.

विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, आणि आम्हा कोकणातल्यांनाही यातून सुटका नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पे कोणत्याही जुन्या साहेबाच्या यादीत नव्हती. गेल्या काही वर्षांत स्थानिक मंडळींनी पायी हिंडून, गावकऱ्यांना विचारून ती नोंदवली, म्हणून 2022 मध्ये ती जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीपर्यंत गेली. महाड-पोलादपूरच्या डोंगरांतही असे काही आडवाटेला पडलेले दिसले, गोलात मांडलेले धोंडे असोत, वीरगळ असो, बुजलेले टाके असो, तर एवढेच करा: जागेचा फोटो घ्या, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर लिहा, गावातले म्हातारे त्याला काय म्हणतात तेही लिहा, आणि हा कागद राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवून एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. उकरू मात्र नका.